साठचे यंत्र, पन्नासचा पडदा

१९८२ साली अमेरिकेत विक्रीला आलेला कमोडोर ६४ संगणक आज पुण्यातल्या घरच्या टीव्हीला जोडला, तर पडद्यावर काय दिसेल? काही जण म्हणतात, काहीच दिसणार नाही. काही म्हणतात, योग्य वायर आणली की झाले. खरे उत्तर टीव्हीच्या वयावर आणि घडणीवर अवलंबून आहे. एका संचावर चित्र वर-खाली पळत राहील, दुसऱ्यावर ते थांबेल पण रंग उडालेले असतील, तिसऱ्यावर चित्र नीट आणि आवाज गायब, आणि एखाद्या नव्या सपाट टीव्हीवर ‘नो सिग्नल’ एवढीच पाटी.

त्या काळच्या घरगुती संगणकांना बहुधा स्वतःचा पडदा नसे. घरातला टीव्ही हाच त्यांचा पडदा. त्यामुळे ज्या देशात ते विकायचे, त्या देशाची प्रसारणपद्धत पोटात घालूनच ते कारखान्यातून बाहेर पडत. पुढचा संवाद अशाच एका यंत्रावरून काका-पुतणीत झडलेल्या वादाचा आहे. काकांची हयात टीव्ही दुरुस्तीत गेली. पुतणी सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि जुने संगणक जपते. यंत्र आहे तिच्या आत्याचे, म्हणजे काकांच्या थोरल्या बहिणीचे, न्यू जर्सीच्या घरातून आलेले. ते इथल्या टीव्हीसाठी बदलायचे की जसे आहे तसे ठेवायचे, एवढाच मुद्दा. माझे स्वतःचे मत आहे, आणि ते मी मध्येच सांगणार आहे.

काका : यात वाद घालण्यासारखं काय आहे, तेच मला कळत नाही. खालचे तीन स्क्रू काढायचे, झाकण उघडायचं, अमेरिकन व्हिडिओ आयसी उपसायचा आणि तिथे युरोपातला बसवायचा. ६५६७ गेला, ६५६९ आला. दोघांनाही चाळीसच पाय. मग क्रिस्टल बदलायचा, बोर्डावरचे एक-दोन जोड इकडचे तिकडे करायचे. एका दुपारचं काम. त्यानंतर ताईचं हे यंत्र आपल्याकडच्या कुठल्याही रंगीत टीव्हीवर झकास दिसेल.

पुतणी : दिसेल हो. पण आत्याच्या घरी जे दिसायचं तेच दिसेल का?

काका : का नाही दिसणार? टीव्हीची पद्धत बदलली म्हणून प्रोग्रॅम थोडाच बदलतो? तो फ्लॉपीवर आहे तसाच राहणार.

पुतणी : फ्लॉपीवर तसाच राहील, चालताना तसा राहणार नाही. या यंत्रात सगळ्याचं मूळ एकच क्रिस्टल आहे. अमेरिकन यंत्रात तो १४.३१८१८ मेगाहर्ट्‌झचा. त्याला चारने भागलं की ३.५८ मेगाहर्ट्‌झ येतात, तो एनटीएससीच्या, म्हणजे अमेरिकन टीव्ही पद्धतीच्या, रंगाचा संकेत. त्यालाच चौदाने भागलं की १.०२२७ मेगाहर्ट्‌झ, तो प्रोसेसरचा वेग. युरोपातल्या यंत्रात क्रिस्टल १७.७३४ मेगाहर्ट्‌झचा. त्याच्या चौथ्या हिश्श्यातून पालचा, म्हणजे तिकडच्या आणि आपल्या पद्धतीचा, ४.४३ निघतो आणि अठराव्या हिश्श्यावर प्रोसेसर चालतो, ०.९८५ मेगाहर्ट्‌झने. रंगासाठी क्रिस्टल बदलायला गेलात की प्रोसेसरही मंद होतो.

काका : किती मंद? चार टक्केसुद्धा नाही. कुणाला कळणार आहे ते?

पुतणी : कानाला कळतं. सिड नावाची आवाजाची चिप त्याच ठोक्यावरून सूर काढते. ठोका मंद झाला की पट्टी उतरते. पेटीच्या लगतच्या दोन सुरांमधलं अंतर घ्या, त्याच्या अर्ध्याहून जास्त उतरते. सवाई गंधर्वला तानपुरा एवढा उतरला तर तुम्हीच कपाळाला आठ्या घालाल.

काका : बरं, आवाजाचं मान्य. पण चित्राचं काय? चित्र तर चित्रच.

पुतणी : खरा फरक तर तिथेच आहे. अमेरिकन यंत्र एका चित्रात २६३ ओळी काढतं आणि प्रत्येक ओळीला प्रोसेसरचे ६५ ठोके लागतात. युरोपातल्या यंत्रात ३१२ ओळी, ओळीला ६३ ठोके. गुणाकार करा. पहिल्यात एका चित्रामागे १७,०९५ ठोके, दुसऱ्यात १९,६५६. पहिलं सेकंदाला जवळजवळ साठ चित्रं दाखवतं, दुसरं पन्नास. त्या काळचे बरेचसे गेम वेळ मोजायचे तो चित्रांवरच. एक चित्र झालं की पडद्यावरचा माणूस एक पाऊल पुढे, संगीत एक मात्रा पुढे. साठसाठी लिहिलेला गेम पन्नासवर सोळा टक्के मंद चालतो. आत्याची मुलं ज्या वेगाला खेळली, तो वेग तुमच्या एका दुपारच्या कामात निघून जाईल.

इथे थोडे थांबून पन्नास आणि साठचे मूळ सांगायला हवे. अमेरिकेची घरगुती वीज ६० हर्ट्‌झची, युरोपची आणि आपली ५० हर्ट्‌झची. सुरुवातीच्या टीव्ही संचांत विजेची गुणगुण चित्रात उतरायची. चित्राचा वेग आणि विजेचा वेग जुळला नाही, तर पडद्यावरून एक काळसर पट्टा सरकत राहायचा. म्हणून ज्याने त्याने आपल्या विजेचा आकडा उचलला. अमेरिकेत ५२५ ओळी आणि ६० हर्ट्‌झ झाले, युरोपात ६२५ ओळी आणि ५० हर्ट्‌झ. त्यावर रंग आला तोही वेगवेगळ्या मार्गांनी. एनटीएससीच्या रंगाला अमेरिकेत डिसेंबर १९५३मध्ये मान्यता मिळाली. त्या पद्धतीत संकेत वाटेत जरा इकडेतिकडे झाला की चेहऱ्याचा रंगच बदलायचा. जर्मनीत टेलिफुंकेनच्या वाल्टर ब्रुख यांनी त्यावर उपाय काढला: रंगाच्या संकेताची एक बाजू दर ओळीला उलटी करायची, म्हणजे लगतच्या दोन ओळींतल्या चुका एकमेकींना मारतात. हीच पाल पद्धत. पश्चिम जर्मनी आणि ब्रिटनमध्ये १९६७मध्ये ती सुरू झाली आणि त्याच वर्षी फ्रान्सने आंरी द फ्रान्स यांची सेकाम पद्धत पत्करली. भारतात दूरचित्रवाणी दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ला आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ला आली, ती ६२५ ओळींची, काळी-पांढरी. रंग आला १५ ऑगस्ट १९८२ला, पालच्या वाटेने. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेत कमोडोर ६४ दुकानांत पोचत होता.

काका : साठ-पन्नासचं गणित तू कागदावर करतेस, मी ते हातांनी केलंय. काळ्या-पांढऱ्या संचाला व्हर्टिकल होल्डची खुंटी असायची. अमेरिकेहून कुणी काही आणून जोडलं की चित्र पळायला लागायचं. ती खुंटी अलगद फिरवली की थांबायचं. आडव्या ओळींचा वेग दोन्हीकडे जवळपास सारखाच, सेकंदाला १५,७३४ आणि १५,६२५, त्यामुळे तिकडून त्रास नसायचा. चित्र उंचीला कमी भरायचं, तेवढं हाइटच्या खुंटीने ताणून घ्यायचं. रंग मात्र नाही. रंगीत संचावरसुद्धा नाही, कारण त्यात कलर किलर असतो. ४.४३चा इशारा सापडला नाही की तो रंगाचा भागच बंद करून टाकतो.

पुतणी : आणि आवाज?

काका : मुका! आता तू यंत्राच्या मागचं टीव्हीचं सॉकेट घे. तिथून अमेरिकेच्या तिसऱ्या चॅनलवर चित्र बाहेर पडतं, ६१.२५ मेगाहर्ट्‌झवर. आपल्या चौथ्या चॅनलचं चित्र ६२.२५वर. एका मेगाहर्ट्‌झचा फरक, फाइन ट्यूनिंगने ओढून आणता येतो. पण त्यांचा आवाज चित्रापासून साडेचार मेगाहर्ट्‌झवर बसलेला असतो आणि आपला टीव्ही तो साडेपाचवर शोधतो. पडद्यावर सगळं हलतंय आणि स्पीकरमधून नुसती खरखर. लोक घाबरून यंत्र घेऊन यायचे, म्हणायचे, विमानात आपटलं वाटतं. बिघडलेलं काहीच नसायचं.

पुतणी : इंग्लंडहून आलेल्या यंत्रांचं तरी बरं असेल. तिकडे पालच आहे.

काका : कागदावर बरं. तिकडचा स्पेक्ट्रम संगणक घे. पन्नासचा, पालचा, सगळं आपल्यासारखं. तरी लागायचा नाही. तो चित्र सोडायचा यूएचएफच्या छत्तिसाव्या चॅनलवर, ५९१.२५ मेगाहर्ट्‌झ. आपल्याकडच्या कित्येक संचांना यूएचएफ ट्यूनरच नव्हता. कटकट वाजत फिरणारी ती चॅनलची खुंटी, तीही फक्त व्हीएचएफची. पडद्यावर मुंग्याच मुंग्या. पुढे डेसिबेल्स नावाच्या कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस भारतातच काढला, पण बाहेरून आलेल्या यंत्रांचं काय करायचं? मग स्पेक्ट्रम उघडायचा, त्यातल्या मॉड्युलेटरच्या आधीच व्हिडिओ काढून घ्यायचा आणि तो टीव्हीच्या आतल्या व्हिडिओ ॲम्प्लिफायरला द्यायचा. आता हे बोलायला सोपं आहे. पण ट्रान्सफॉर्मर न घालता थेट मेन्सवर चालणारे संच तेव्हा भरपूर होते. प्लग उलटा बसला की टीव्हीचं अख्खं चॅसिस २३० व्होल्टवर. अँटेनाच्या सॉकेटला कंपनीने आतून कपॅसिटर घातलेले असायचे, म्हणून अँटेनाला हात लावला तरी शॉक बसत नसे. तू व्हिडिओची वायर थेट आत जोडलीस की ते संरक्षण गेलं. वीज वायरमधून संगणकात, आणि तिथून त्याच्या सॉकेटना हात लावणाऱ्या पोरापर्यंत.

पुतणी : बाप रे! मग?

काका : आधी चॅसिसला टेस्टर लावायचा. दिवा लागला तर प्लग उलटा करून परत बघायचं. आणि दिवा नाही लागला तरी मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकल्याशिवाय वायरला हात लावायचा नाही. लॅमिंग्टन रोडवरून तो जड ठोकळा उचलून आणायचा म्हणजे खांदे निघायचे. पण त्याशिवाय मी काम केलं नाही.

पुतणी : काका, पण यात स्पेक्ट्रमचा क्रिस्टल तुम्ही काढला नाहीत.

काका : काढायची गरजच नव्हती. तो पन्नासचाच होता.

पुतणी : तेच म्हणतेय मी. तुम्ही त्याचं चित्र फक्त वेगळ्या वाटेने बाहेर काढलंत. त्याचा ठोका शाबूत राहिला. आत्याच्या यंत्राचा ठोकाच बदलायला निघालाय तुम्ही.

काका : अगं, तो ठोका काय देवाने ठरवलाय? कंपनीनेच दोन्ही तऱ्हा विकल्या. तिकडे साठ, इकडे पन्नास. मी करतोय ते कंपनीने कारखान्यात केलंच होतं.

या मुद्द्यात वजन आहे, आणि त्याचा पुरावा खुद्द यंत्रातच सापडतो. कमोडोर ६४ चालू केल्यावर ‘प्रिंट पीक’ आणि कंसात ६७८ असे टाइप केले, तर अमेरिकन यंत्र शून्य दाखवते आणि युरोपातले एक. अगदी सुरुवातीची काही यंत्रे सोडली, तर प्रत्येक यंत्र चालू होताच स्वतःला तपासते. व्हिडिओ चिपला ते सांगते, ३११व्या ओळीवर आलीस की खूण कर. २६३ ओळींच्या यंत्रात ३११वी ओळ कधी येतच नाही. खूण झाली तर पाल, नाही झाली तर एनटीएससी, आणि उत्तर स्मृतीच्या ६७८व्या घरात. दोन्ही चिपांसाठी एकच आज्ञावली पुरावी म्हणून केलेली ही सोय मला फार देखणी वाटते.

काका : बघ! म्हणजे हे यंत्र दोन्हीकडचं व्हायला पहिल्यापासून तयार आहे. मी आयसी बदलला तर ते आपणहून एक दाखवेल.

पुतणी : दाखवेल. पण त्या उत्तरावर यंत्र करतं काय? स्वतःचं आतलं घड्याळ नीट चालावं म्हणून टायमरचा आकडा बदलतं. बास. बाहेरच्या गेमला ते काही सांगत नाही. गेम लिहिणाऱ्याने ते घर वाचून वेग जुळवला असेल तर ठीक. बऱ्याच जणांनी वाचलंच नाही, कारण अमेरिकेत बसून लिहिताना अमेरिकाच डोळ्यांसमोर होती. तुमचा ॲपल टू घ्या. तो घडवणाऱ्या वॉझनियॅक यांनी त्यात एनटीएससीच्या रंगाची अशी नस पकडली की ठिपके अमुक जागी टाकले की टीव्ही त्यांनाच रंग समजतो. रंगासाठी वेगळी चिपच लागली नाही. अप्रतिम काम. पण तो रंग एनटीएससीच्याच पोटातला. युरोपसाठी काढलेल्या युरोप्लसमध्ये तो आलाच नाही, रंग हवा तर वेगळं कार्ड घाला. आहे ना दोन देशांत विकलेलं एकच यंत्र?

काका : ते ॲपलचं. कमोडोरमध्ये तसं काही नाही. आणि उलट बाजू तू सांगत नाहीस. युरोपातल्या पोरांनी या यंत्रावर जे डेमो, म्हणजे यंत्राची करामत दाखवणारे छोटे प्रोग्रॅम, लिहिले, ते ओळीला ६३ ठोके धरून लिहिलेले. ताईच्या यंत्रावर ते फाटतात. एका ओळीमागे दोन ठोके जास्त झाले की सगळी जुळणी ढळते. पालचं यंत्र केलं की तेही बघता येईल.

पुतणी : ते बघायला युरोपातलं दुसरं यंत्र आणू. एक कोटीहून जास्त यंत्रं विकली गेली आहेत.

काका : मग तूच सांग. एक कोटी विकलेली वस्तू देव्हाऱ्यात कशाला ठेवायची?

काकांचा हा प्रश्न बिनतोड वाटतो, तरी मी पुतणीच्या बाजूचा आहे. एका घरात कितीतरी वर्षे चाललेले यंत्र हे कोटीतले एक असले, तरी त्या घरापुरते एकच असते. त्याचा वेग, त्याची पट्टी आणि त्यावर झिजलेल्या फ्लॉप्या या एकमेकांशी जुळलेल्या गोष्टी आहेत. टीव्ही बदलता येतो, वायर बदलता येते, मधली पेटी बदलता येते. क्रिस्टल आणि व्हिडिओ चिप बदलली की यंत्राचा वेळ बदलतो, आणि जुने भाग पाकिटात नाव घालून ठेवले तरी ते परत बसवणारा हात पुढच्या पिढीत असेलच असे नाही. चाळीस वर्षांच्या बोर्डावर सोल्डर गन जितक्या कमी वेळा टेकेल तितके बरे.

पुतणी : मी काय करणार ते सांगते. यंत्राच्या मागे गोल डिन सॉकेट आहे, तुमच्या जुन्या टेपरेकॉर्डरला असायचं त्या जातीचं. तिथून व्हिडिओ आणि आवाज दोन्ही सरळ बाहेर येतात. तिसरं चॅनल नको, चौथं नको, साडेचार-साडेपाचचा घोळ संपला. तो व्हिडिओ एका पेटीत द्यायचा, पेटीतून एचडीएमआय, आणि समोर नवा टीव्ही. यंत्राला एक स्क्रूसुद्धा हलवायला नको.

काका : कसली पेटी? ऑनलाइन मिळते ती, काडेपेटीएवढी?

पुतणी : तीच स्वस्तात मिळते.

काका : मग आता माझं ऐक. टीव्हीचं प्रसारण दोन वेळा अर्ध्या-अर्ध्या ओळी काढतं, आधी विषम, मग सम, आणि दोन्ही मिळून एक चित्र. तुझं हे यंत्र तसं करत नाही. ते त्याच ओळींवरून पुन्हा पुन्हा जातं. त्या स्वस्त पेटीला ते माहीत नसतं. तिला वाटतं समोर नेहमीचं प्रसारण आलंय, आणि ती दोन पूर्ण चित्रं एकमेकांत विणते. हलत्या अक्षरांच्या कडा दातेरी होतात. आणि हे विणकाम करायला ती चित्र अडवून धरते. त्यावर टीव्ही स्वतःच्या सुधारणांसाठी आणखी अडवतो. तू बटण दाबलंस आणि माणूस उशिरा उडी मारतोय. वेग वाचवायचा म्हणून एवढी भांडलीस, तो वेग मधल्या पेटीत घालवलास.

पुतणी : चांगल्या पेट्या असतात. त्या चित्र अडवत नाहीत. ओळ आली की ती दोनदा काढून लगेच पुढे सोडतात.

काका : असतील. त्यांनी प्रश्न निम्मा सुटतो. तरी सेकंदाला बरोबर साठ चित्रं नाहीत यातून, जरा कमीच आहेत. म्हणालीस ना जवळजवळ साठ? पिक्चर ट्यूब ते मुकाट्याने सोसते. सपाट टीव्ही कधी सोसतो, कधी पडदा काळा करतो. आणि लाइट पेन? ते तर ट्यूबवरच चालतं. इलेक्ट्रॉनचा झोत पेनासमोरून गेला की त्या क्षणी व्हिडिओ चिप आपला आकडा टिपून ठेवते. सपाट पडद्यावर झोतच नाही, टिपणार काय?

पुतणी : म्हणजे तुमचं म्हणणं, टीव्ही जुना हवा.

काका : जुना हवा, पण माझ्या तरुणपणीचा नको. व्हीसीडीच्या जमान्यातला हवा. तेव्हा लोक परदेशातल्या व्हीसीडी आणायला लागले, त्यातल्या कितीतरी एनटीएससीच्या. आपले रंगीत संच मग दोन्ही पद्धती समजणारे यायला लागले. मागे पिवळं, पांढरं सॉकेट, आणि मेन्यूत कलर सिस्टिम म्हणून जागा: ऑटो, पाल, एनटीएससी ३.५८, एनटीएससी ४.४३. तो ३.५८ बघून घ्यायचा. असे संच आज भंगारवाल्याकडे पडून असतात, घेऊन जा म्हणतात.

पुतणी : मग तर यंत्र बदलायची गरजच उरत नाही! हे आधी का नाही सांगितलंत?

काका : कारण मला वेगळंच काहीतरी म्हणायचंय. तू सारखं आत्याचं यंत्र, न्यू जर्सीचा वेग म्हणतेस. पण हे यंत्र आता इथे आहे. आपल्याकडे बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू कुणीतरी उघडली, कापली, जोडली, तेव्हा ती चालली. रेडिओ, टेप, टीव्ही, सगळं. त्या जोडण्या कुठल्याही पुस्तकात नाहीत. दुकानं बंद झाली, माणसं गेली. तू मूळ यंत्र जपतेस, चांगलं आहे. पण आमच्या सोल्डरचा डाग तुला बिघाड वाटतो. मला तो पुरावा वाटतो, की हे यंत्र इथे वापरलं गेलं.

पुतणी : बिघाड नाही वाटत, काका. कुणी १९८५ साली मुंबईत बदललेला कमोडोर माझ्या हाती आला, तर मी त्यातला आयसी परत अमेरिकन करणार नाही. तो डाग तसाच ठेवीन, फोटो काढून नोंद करीन. कारण तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आज तुम्हीच मला दुसरा इलाज सांगितलात.

काकांना यावर उत्तर देता आले नाही, पण त्यांची तक्रार मात्र उरते, आणि ती रास्त आहे. मराठीत जुन्या यंत्रांवर जे थोडे लिहिले जाते, ते कंपन्या आणि शोधक यांच्याबद्दल असते. चॅसिसला टेस्टर लावून, प्लग उलटा करून, फाइन ट्यूनिंगवर एक मेगाहर्ट्‌झ ओढून आणणाऱ्या माणसांच्या हातची विद्या कुणी टिपून ठेवलेली नाही. ज्यांच्या घरी असे काका आहेत, त्यांनी वही घेऊन त्यांच्यापुढे बसावे.

पुतणी : चला तर मग, भंगारवाल्याकडून टीव्ही आणू आणि आजच लावू.

काका : थांब, थांब! टीव्हीवरच दोघं भांडत बसलो आणि खरी गोष्ट राहिली. याचा वीजपुरवठा ११० व्होल्टचा. आपल्या प्लगमध्ये थेट घातलास तर धूर.

पुतणी : ते माहितीये. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आहे माझ्याकडे.

काका : ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्‌झ उतरवत नाही की चढवत नाही. वीज पन्नासचीच राहणार. यात विजेच्या ठोक्यावर चालणारं एक घड्याळ आहे ना?

पुतणी : हो, सीआयए चिपमधलं. त्याला साठ ठोक्यांचा एक सेकंद धरायला सांगितलं असेल, तर इथे तासाला दहा मिनिटं मागे पडेल. एक बिट बदलून पन्नास सांगता येतं. गेमच्या वेगाशी त्याचा संबंध नाही, तो क्रिस्टलवर चालतो.

काका : ठीक. पण त्याहून वाईट म्हणजे ती मूळ पेटी. आत राळ ओतून बंद केलेली, उघडताही येत नाही. त्यातला पाच व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारा झाला की बंद पडत नाही, व्होल्ट वाढवून देतो. यंत्र चालू होतं आणि आतले आयसी एकेक करून जातात. पाच व्होल्टच्या जागी साडेपाच दिसले तरी मी ती पेटी जोडणार नाही. नवी, खात्रीची पेटी करून घे, थेट २३० व्होल्टवर चालणारी. तुला यंत्राला हात न लावता जपायचंय ना? मग त्याच्या बाहेरचं हे बदल. याला तरी माझी ना नाही.

पुतणी : आणि माझीही नाही.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर अमेरिकेहून आलेला असा संगणक असेल, त्यांना सांगणे एवढेच. ट्रान्सफॉर्मर हाताशी असला तरी जुनी वीजपेटी यंत्राला लगेच जोडू नका. आधी मल्टीमीटरने पाच व्होल्ट मोजून घ्या, आणि शंका आली तर ती पेटी कायमची बाजूला ठेवा. चॅनल शोधत बसू नका, मागच्या गोल सॉकेटमधून व्हिडिओ आणि आवाज वेगवेगळे घ्या. मेन्यूत एनटीएससी ३.५८ असलेला ट्यूबचा टीव्ही कुणी टाकून देत असेल तर तो उचला. त्याचे मागचे झाकण मात्र माहीतगाराशिवाय उघडू नका. युरोपातले डेमो बघायचे असतील तर दुसरे यंत्र घ्या, नाहीतर व्हाइससारख्या एम्युलेटरवर बघा. त्यात पाल आणि एनटीएससी दोन्ही निवडता येतात. आणि क्रिस्टलला हात लावू नका.